नलू, तुझे कांदे

नलू,

तुला जाऊन पंधरवडासुद्धा झाला नाही आणि मी तुझ्याशी भांडायला बसले आहे. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायचं असतं, हे मला ठाऊक आहे. पण गेले काही दिवस तुझ्याबद्दल इतकं चांगलं कानावर पडतंय, की ही कोण बाई, हिला आपण कधी भेटलो होतो का, असं वाटायला लागलंय. कॉलेजातल्या शोकसभेत एकजण म्हणाले, "नलिनीबाई अत्यंत शांत स्वभावाच्या होत्या." मी मागच्या बाकावर होते. शेजारी तू असतीस तर मला कोपराने ढोसलं असतंस. सूक्ष्मदर्शकाचं भिंग शर्टाच्या बाहीने पुसलं म्हणून तू एका पोराला असं झापलं होतंस की तो त्या वर्षी विषयच बदलून गेला. म्हणे शांत स्वभावाच्या!

तर ते शांत, मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष वगैरे सगळं त्यांच्याकडे राहू दे. माझी नलू वेगळी आहे. तिचं-माझं भांडण अर्धं राहिलंय, आणि तिचे माझ्यावर उपकार आहेत. उपकार म्हटलेलं तुला खपायचं नाही. आता मात्र तुला ऐकून घ्यावं लागेल.

वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत आपण दोघी एकाच आठवड्यात डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागलो. तू ठाकूरद्वारची. एके काळी अख्खी वाडी तुमच्या घराण्याची होती, आता दोन खोल्या आणि एक गॅलरी उरली होती. मी परळच्या चाळीतली, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, उभ्या राहणाऱ्या बापाची पोरगी, आमच्या मजल्यावरची पहिली बी. एस्सी. पहिले काही महिने आपण एकमेकींशी "ती बाटली द्या" आणि "तो दिवा सरकवा" एवढंच बोलत होतो. तू मला गर्विष्ठ वाटायचीस. मी तुला कशी वाटायचे ते तू नंतर सांगितलंस: "जवळ गेलं की चावेल अशी."

आपली मैत्री जुळवली ती तुझ्या आईने, भजी तळून.

हे मी शोकसभेत सांगणार होते, पण काकू पहिल्या रांगेत होत्या. आषाढ होता. मुलांना कांद्याच्या मुळातल्या विभागणाऱ्या पेशी दाखवायच्या होत्या. तुझ्या गॅलरीत उजेड चांगला, म्हणून कांदे वाढवायचं काम तू घेतलंस. काचेच्या पेल्यांत काठोकाठ पाणी, प्रत्येक पेल्याच्या तोंडावर एक कांदा, बूड जेमतेम पाण्याला टेकलेलं. दोन-तीन दिवसांत पांढरी मुळं सुटली. उद्या प्रॅक्टिकल, आणि आज तू घरी गेलीस तर गॅलरीत पेले धुऊन पालथे घातलेले. त्या दिवशी कांदेनवमी होती. एकादशीला चातुर्मास लागायचा, मग चार महिने घरात कांद्याचं नाव नाही. म्हणून काकूंनी घरातला होता नव्हता तेवढा कांदा संपवायला काढला होता, आणि त्यांच्या हिशेबी गॅलरीतला कांदाही घरातलाच होता.

दुसऱ्या दिवशी तू रडकुंडीला येऊन मला हे सांगत होतीस आणि मी हसू दाबत होते. तेवढ्यात तू म्हणालीस, "आणि मी मेलीने कळायच्या आधी चार खाल्ली गं. छान झाली होती." मग मला हसू दाबता आलं नाही. मग तुलाही आलं नाही. वर्गाला आपण सांगितलं, की पावसाळी हवेने यंदा मुळं फुटली नाहीत. मुलांनी ते मुकाट्याने लिहून घेतलं.

आता चार महिने कांदे ठेवायचे कुठे? मी म्हटलं, आमच्याकडे ठेव, आमच्या चाळीत कांद्याला चातुर्मास नाही. तू विचारलंस, "चालेल ना तुमच्या घरी?" मी म्हटलं, "आमच्या घरी चालेल. तुझ्या घरी चालेल का, तू आमच्याकडे आलेली?" त्यावर तू बाटलीला बूच लावत म्हणालीस, "रविवारी येते." मी काय विचारलं ते तुला कळलंच नव्हतं, की कळूनही तू बूच लावत राहिलीस, हे मला आजतागायत उलगडलेलं नाही. विचारायचं राहून गेलं.

मग रविवारच्या रविवार तू परळला येऊ लागलीस. अकराच्या सुमारास मुळांची टोकं कापायची, कारण त्या वेळी जास्त पेशी विभागताना सापडतात असा तुझा अनुभव. कापलेली टोकं औषधाच्या बाटलीत, आणि बोडके कांदे गॅलरीत. पहिल्याच रविवारी तू ते टाकायला निघालीस तेव्हा आईने तुझा हात धरला. "अगो बाय, टाकतेस कशाला? काय झालंय त्यांना? मिशाच तर कापल्यात." दुपारी तेच कांदे सुकटीत पडले. आई तुला वाढू की नको म्हणून परात हातात धरून उभी राहिली. तूच पाट ओढून बसलीस आणि म्हणालीस, "मावशी, भाकरी मला कडक लागते." त्या दिवसापासून आईने तुझ्यासाठी भाकरी कडक भाजली. मी इतकी वर्षं मऊ खात होते, मला कुणी विचारलं नव्हतं.

संध्याकाळी घरी काकूंनी तुला विचारलं, "तोंडाला कांद्याचा वास कसला गं?" तू सांगितलंस, "प्रयोग होता, आई." खोटं तरी कुठे होतं?

तू मला हात दिलास, नलू. अगदी खरोखरचा हात. मूळ रंगवून, वर पातळ काच ठेवून अंगठ्याने दाबायचं असतं. माझी प्रत्येक वेळी काच तरी फुटायची, नाहीतर पेशी एकमेकींवर चढायच्या. माझा अंगठा तुझ्या अंगठ्याखाली घेऊन तू दाबलास. "नखाने नाही. पोटाने. आणि दाबताना श्वास सोड." आजही काच दाबताना मी श्वास सोडते. मग भिंगाखाली ती लाल-जांभळी गुणसूत्रं दिसली, अर्धी या टोकाला, अर्धी त्या टोकाला निघालेली. मी पुस्तकात हजारदा पाहिलेलं चित्र, पण त्या दिवशी मी "अगं बाई!" म्हणून ओरडले. तुला माझ्या ओरडण्याचा इतका आनंद झाला होता की वाटावं, ते सगळं तूच घडवून आणलंस.

पण तुझं समाधान नव्हतं. तू म्हणायचीस, "हे आपल्याला दिसतं ती नुसती वाटणी. नक्कल आधीच होऊन गेलेली असते. आपण जेवणं उरकल्यावर पंगत बघायला येतो." तुला हवी होती ती नक्कल. पेशीच्या पोटात डी.एन.ए.ची दोन धाग्यांची पिळलेली जोडी असते, हे तेव्हा नवंनवं वाचायला मिळालं होतं. दोन्ही धाग्यांवर चारच प्रकारचे दुवे, आणि कुणासमोर कोण बसणार ते ठरलेलं. म्हणजे एका धाग्यावरची रांग माहीत असली की समोरची सांगता येते. पेशी दोन व्हायच्या आधी या जोडीच्या दोन जोड्या व्हायला हव्यात. त्या होतात कशा? यावरून आपलं पहिलं भांडण झालं ते लालबागला, भर रस्त्यात.

गणपतीचे दिवस जवळ आले होते. कारखान्याच्या दारात एकजण साच्यातून मूर्ती काढत होता. साच्याची दोन शकलं त्याने अलगद सोडवली, मूर्ती बाहेर घेतली, आणि शकलं पुन्हा जुळवून दोरीने आवळून ठेवली. मी म्हटलं, "बघ, हे असंच. जुने धागे जरा सुटतात, त्यांच्यावरून नवी जोडी पडते, आणि जुना जुन्याजवळ परत मिटतो. जुनी जोडी अख्खी जुनी, नवी जोडी अख्खी नवी." तू म्हणालीस, "छट्. एकदा सुटले ते सुटले. प्रत्येक जुना धागा आपल्यासमोर नवा जोडीदार जमवतो आणि त्याच्याशीच राहतो. म्हणजे दोन्ही जोड्यांत एक धागा जुना, एक नवा." मी म्हटलं पुरावा दे. तू म्हणालीस तू दे. कारखान्यातला माणूस म्हणाला, "ताई, मूर्ती बघायची तर बघा, नाहीतर उजेड सोडा."

पुढे शहरच पेटलं. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही म्हणून माणसं रस्त्यावर आली, गोळीबार झाले, कर्फ्यू लागला. तू गिरगावात अडकलीस आणि कांदे परळात माझ्याकडे. खाली रस्त्यावर "झालाच पाहिजे"च्या घोषणा, धावपळ, अश्रुधूर. आईने दारं-खिडक्या लावून घेतल्या. अकरा वाजत आले तशी मी गॅलरीचं दार किलकिलं केलं. आई ओरडली, "मरायचंय का तुला?" मी म्हटलं, "मुळं थांबत नाहीत, आई." हे तुझं वाक्य. उशीर झाला की तू मुलांना म्हणायचीस. मी डोळे चोळत टोकं कापली, बाटलीत टाकली आणि दार लावलं. तोवर मी एकटीने कधी काही केलं नव्हतं, सगळं तुझ्या अंगठ्याखाली.

कर्फ्यू उठला त्या सकाळी तू गिरगावाहून चालत आलीस. जिना चढून धापा टाकत पहिला प्रश्न, "मुळं?" मग म्हणालीस, "आणि तू?" मी ती गोष्ट चाळीत सगळ्यांना सांगितली, तुझी टिंगल करायला. खरं म्हणजे मला तो क्रम फार आवडला होता. माझ्या कामाची आधी चौकशी करणारं माणूस मला तोवर भेटलं नव्हतं. प्रयोगशाळेत जाऊन ती टोकं रंगवून पाहिलीस, बराच वेळ डोळा भिंगाला लावून बसलीस आणि म्हणालीस, "हे तुझं आहे, शांते. मी असं कधी केलं नाही." घोषणा देऊन तुझाही आवाज बसला होता, त्यामुळे ते वाक्य मला जवळ येऊन ऐकावं लागलं.

आता खरं भांडण.

त्याच्या पुढच्या सालात आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. बाबांनी देव्हारा उतरवला, देव पोचवले, आणि रिकाम्या फळीवर माझी पुस्तकं आली. नलू, त्या दिवसांत मी जमिनीवर चालत नव्हते. सगळं नवं. नाव तेच, पण माणूस नवा. आणि अशात एका रविवारी तू गॅलरीत बसून बोलता बोलता म्हणालीस, "काही झालं तरी प्रत्येकात अर्धं जुनं असतंच." तू धाग्यांबद्दल बोलत होतीस. मी नव्हते. मी म्हटलं, "तुला बोलायला काय जातं? तुझं जुनं तुला घरात घेतं. माझं जुनं मला गॅलरीत उभं करतं."

तुमच्या गॅलरीबद्दलच मी बोलत होते, हे तुला लगेच कळलं. मी ठाकूरद्वारला यायचे तेव्हा काकू चहा द्यायच्या, चांगला द्यायच्या, वेलची घालून. पण एका काचेच्या पेल्यात. तो पेला गॅलरीतल्या कोनाड्यात असायचा, आत कधी जायचा नाही. मुळांसाठी आणलेल्या पेल्यांतलाच तो एक. तू आईशी किती भांडलीस ते मला ठाऊक आहे, भिंतीतून ऐकू यायचं. शेवटी तूही आतला कप सोडलास आणि माझ्याबरोबर गॅलरीत तसल्याच पेल्यातून चहा प्यायला लागलीस. मी त्याबद्दल कधी आभार मानले नाहीत, तू अपेक्षा केली नाहीस. पण त्या रविवारी मी ते बोलले आणि तू पाटावर जाऊन बसलीस. भाकरी खाल्लीस, मुळं घेतलीस, गेलीस. धाग्यांचा विषय आपण पुन्हा काढला नाही. मी मात्र मनात घट्ट धरून ठेवलं, की नवी जोडी अख्खी नवीच असली पाहिजे. माझ्यासाठी तो शास्त्राचा प्रश्न उरलाच नव्हता.

मग यंदा तुझी गाठ निघाली. नातेवाईक "आजारपण" म्हणत होते, तू सरळ कॅन्सर म्हणालीस. इस्पितळ परळातच, आमच्या चाळीपासून हाकेच्या अंतरावर. म्हणून मी सकाळ-संध्याकाळ येऊ शकले, आईची पेज आणू शकले. पण पहिल्याच दिवशी तू मला बजावलंस, "पेशींचं नाव काढायचं नाही माझ्यासमोर." मी काढलं नाही. तू मोर्च्यांच्या बातम्या विचारायचीस, द्वैभाषिक कधी मोडतंय ते विचारायचीस, आमच्या शेजारणीच्या भांडणांची चौकशी करायचीस. ज्या गोष्टीवर तू जीव टाकला होतास तीच तुझ्या अंगात उलटली होती, आणि तू तिच्याशी अबोला धरला होतास. दुखण्यापेक्षा तो अबोला मला बघवत नव्हता. नलू मरेल याची भीती होतीच. त्याहून मोठी भीती ही, की जाताना ती आपल्या आवडीच्या गोष्टीवर रुसून जाईल.

आणि अशात एक शास्त्रीय मासिक आलं. अमेरिकेहून बोटीने, नेहमीसारखं उशिराने. मी ग्रंथालयात उभ्याउभ्याच वाचलं आणि मग खुर्ची शोधली. कुणीतरी आपल्या भांडणाचा निकाल लावला होता. सूक्ष्म जंतूंना पुष्कळ पिढ्या जड नत्र खाऊ घातला, म्हणजे त्यांचे धागे वजनाला जड झाले. मग त्यांना साधा, हलका नत्र दिला, म्हणजे त्यानंतर बनेल तो धागा हलका. मग डी.एन.ए. काढून प्रचंड वेगाने फिरवला: जड असेल ते खाली बसेल, हलकं वर राहील. माझं खरं असतं तर एका पिढीनंतर दोन पट्टे दिसले असते, एक जड आणि एक हलका. पट्टा एकच दिसला. मधोमध. प्रत्येक जोडीत एक धागा जुना, एक नवा. तू जिंकली होतीस.

सांगावं की नाही? रस्ताभर मी हाच विचार करत होते. पेशीचं नाव काढायचं नव्हतं. पण हे तुझ्यापासून लपवून तुझ्या उशाशी पेज घेऊन बसणं मला जमलं नसतं. वॉर्डात आले तर काकू नेहमीसारख्या वाती वळत बसल्या होत्या. चातुर्मासाचा लक्ष वातींचा नेम होता त्यांचा, तो इस्पितळातही चालू होता. मी उभ्यानेच म्हटलं, "नलू, तुझं खरं निघालं. धाग्यांचं."

तू भिंतीकडे तोंड करून होतीस. पांघरूण खांद्यावर ओढून घेतलंस. मला वाटलं, झालं, घालवलं मी सगळं. मग तू कूस न बदलता विचारलंस, "कुणी केलं? कसं?"

मी सांगितलं. तू उठून बसलीस. तुला उठवायला दोन माणसं लागत होती, पण त्या दिवशी तू आपली आपण उठलीस. "दुसऱ्या पिढीत काय झालं?" मी म्हटलं, दोन पट्टे, एक मधला आणि एक अख्खा हलका. तू डोळे मिटून मनात काहीतरी मांडलंस आणि म्हणालीस, "आई, वाती दे."

काकूंच्या वाती दोन पदरी. जखमांना लावायच्या जांभळ्या औषधाची वाटी शेजारी होती. तू एक वात त्यात बुडवलीस: दोन्ही पदर जांभळे, हे जुनं. ती उलगडलीस. प्रत्येक जांभळ्या पदराला एकेक पांढरा पदर वळलास. दोन वाती, दोन्ही अर्ध्या जांभळ्या. पुन्हा उलगडल्या, पुन्हा पांढरे पदर जोडले. चार वाती झाल्या: दोन अर्ध्या जांभळ्या, दोन शुभ्र. आणखी एकदा. आठ. तुझी बोटं जांभळी झाली होती, चादरीला डाग पडले होते, आणि तुझ्या तोंडावर ते कांद्याच्या दिवसांतलं हसू आलं होतं.

"बघ शांते. जांभळे पदर किती? दोनच. पहिल्यांदा होते तेवढेच. जुनं मरत नाही गं, पण ते वाढतही नाही. वाढतं ते नवंच." मग जरा दम घेऊन म्हणालीस, "तुला काय उत्तर द्यावं याचा दोन वर्षं विचार करत होते. आत्ता सापडलं. तुझं पण खरं होतं. हे बघ ना, ह्यात जुन्याचा एक तंतू नाही." आणि एक पांढरी वात माझ्या तळहातावर ठेवलीस.

तेवढ्यात काकूंचं लक्ष गेलं. "अगं, माझ्या वाती बाटवल्यास की सगळ्या!"

शब्द तोंडातून गेला आणि काकूंनी माझ्याकडे पाहिलं. तू आईकडे बघत होतीस, रागाने नाही. मी हातातल्या वातीकडे बघत होते. मग काकूंनी हात पुढे केला, माझ्या तळहातावरची वात उचलली, खाटेवरच्या बाकीच्या सात गोळा केल्या, जांभळ्या-पांढऱ्या सगळ्या, आणि आपल्या डब्यात बाकीच्या वातींत टाकून झाकण लावलं. "पेज निवतेय," एवढंच म्हणाल्या.

त्यानंतर तू जेवढे दिवस होतीस तेवढे दिवस आपण पेशींबद्दलच बोललो. तू म्हणालीस, "ही गाठसुद्धा मेली प्रामाणिक आहे. नक्कल चोख करते. फक्त थांब म्हटलेलं तिला ऐकू येत नाही." मी विचारलं, थांब म्हणतं कोण? तू म्हणालीस, "ते तू शोध." हे भांडण तू माझ्या अंगावर टाकून गेलीस. मी शोधेनच असं नाही, मला तेवढी अक्कल आहे की नाही देव जाणे. पण प्रश्न माझ्यासाठी ठेवून गेलीस, याचं मला किती बरं वाटतं ते कसं सांगू? तू रुसून गेली नाहीस. मला रडू येतं, पण त्या रडण्यात कडवटपणा नाही, आणि तो नाही ही तुझीच करणी.

परवा तुझं तेरावं झालं. काल दुपारी मी ठाकूरद्वारला गेले. सवयीने गॅलरीतच थांबले. काकू दारात आल्या आणि म्हणाल्या, "बाहेर काय उभी? आत ये." आत खुर्ची होती. चहा कपबशीत आला, वेलची घातलेला. कप खाली ठेवला तेव्हा काकू म्हणाल्या, "जरा इकडे ये, मला एक दाखवायचंय."

गॅलरीच्या कोनाड्यात माझा पेला होता. पाण्याने काठोकाठ भरलेला. वर कांदा. खाली पांढरी मुळं, चांगली बोटभर.

मी म्हटलं, "काकू, चातुर्मास आहे."

"ठाऊक आहे मला." पदराने पेल्याच्या कडेचं पाणी टिपत त्या म्हणाल्या, "त्या वर्षी मी तळून टाकले होते तिचे. मनात राहिलं होतं." मग पेला जरा फिरवून, "मुळं आली, पण ती कापायची कधी असतात ते मला ठाऊक नाही. तिने कधी सांगितलं नाही. मी कधी विचारलं नाही."

"सकाळी अकराला," मी म्हटलं.

"मग उद्या अकराला ये. जेवूनच जा."

नलू, सकाळपासून हे लिहिते आहे. बाटली घेतली आहे, कात्री घेतली आहे. आईने काकूंसाठी दोन भाकऱ्या बांधून दिल्या आहेत, कडक भाजलेल्या. दहा वाजायला आले. बाकीचं भांडण आल्यावर. मुळं थांबत नाहीत.

तुझी
शांता